परत न दिलेली माती

जळकोटात कशावरही दोन तट पडायला वेळ लागत नाही. हायवेवरचा थांबा कुठं असावा यावर पडतात, भजी कुणाची खावीत यावर पडतात, आणि चार दिवस तट पडला नाही तर गावाला करमत नाही. ‘हौदा’ या कुस्तीच्या व्हिडिओ गेमचा पहिला भाग बरा की दुसरा, या प्रश्नावर मात्र सगळं गाव एका बाजूला झालं. दुसराच बरा. पहिल्यात दोघंच खेळायचे, दुसऱ्यात चौघं एकदम. पहिला रांगायचा, दुसरा पळतो. पहिला बरा म्हणणारा गावात एकच माणूस उरला, गुंडाप्पा वस्ताद, आणि गंमत म्हणजे त्या खेळातला पैलवान त्याच्यावरूनच केलेला होता. तरी त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. म्हाताऱ्याला जुनं ते सोनं वाटणारच, असं म्हणून पोरं पुन्हा बटणं दाबायला लागली. मनावर घ्यायला हवं होतं, पण ते कळलं फार उशिरा, आणि तेही दोघातिघांनाच.

गुंडाप्पानं तरुणपणी उमरग्यापासून अक्कलकोटापर्यंतच्या जत्रा गाजवल्या, आणि एकाही जत्रेत त्याची पाठ मातीला लागली नाही. हे तो स्वतः सांगायचा नाही. त्याची बायको नीलम्मा सांगायची, तेही ‘एवढा माज होता या माणसाला’ असं म्हणून. पुढं गुडघे कुरकुरायला लागले तसा त्यानं मारुतीच्या पायाशी लंगोट ठेवला आणि तालमीतल्या पोरांना शिकवण्यापुरता उरला. त्यानंतर त्याच्या हातांना दुसरंच काम लागलं. मुरगळलेला पाय, निखळलेला खांदा, धरलेली मान. घरामागच्या लिंबाखाली माणसाला पाटावर बसवायचं, दोन्ही अंगठे एकमेकांवर चोळून ऊन करायचे, त्याच्या सासुरवाडीची चौकशी करायची, आणि तो उत्तर देतोय तोवर हाड जागेवर. हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा मान धरली की जळकोटला उतरायचे. संध्याकाळी त्याच हातांत त्याची नात असायची. त्याच्या मुलाची, मल्लेशची लेक, गायत्री. दुसरा भाग आला तेव्हा रांगायलाही लागली नव्हती, पण आईच्या मांडीवर टक्क जागी राहणारी ही पोरगी आजोबाच्या तळव्यांवर ठेवली की झोपायची. नीलम्मा म्हणायची, पैलवानकीचा एवढा एकच उपयोग झाला.

आता त्या तालमीची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जळकोटच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरताना पैलवान ओंजळीत माती घेतो, कपाळाला लावतो आणि समोरच्याच्या तळव्यांना चोळतो. ही सलामी. कुस्तीचा निकाल लागला की जिंकणाऱ्यानं पडलेल्याला हाताला धरून उठवायचं, त्याच्या पाठीवरची माती झाडायची, आणि मग दोघांनी वाकून आपापले तळवे हौद्यावर पुसायचे. घेतलेली माती परत दिली की कुस्ती मिटली. न देता कुणी निघून गेला तर ती उघडी राहते, आणि उघडी कुस्ती पैलवानाच्या मागोमाग घरी येते असं जुने लोक सांगायचे. नव्या पोरांना ही धाक दाखवायची गोष्ट वाटायची. आणि ज्यानं लंगोट मारुतीपुढं ठेवला, त्यानं तर पुन्हा सलामीच घ्यायची नाही.

गुंडाप्पानं घेतली. कृष्णराज नावाचा वाशीकडचा एक पोरगा पुण्यात असले खेळ बनवायचा. त्याच्या वडिलांनी गुंडाप्पाच्या कुस्त्या पाहिल्या होत्या. तो गाडी घेऊन आला, पाया पडला आणि म्हणाला, खरे डाव हवेत, वस्ताद, फक्त करून दाखवा. पुण्यात नेऊन त्यांनी गुंडाप्पाला अंगाला चिकटणारे काळे कपडे घातले, त्यावर बारीक गोळ्या चिकटवल्या आणि एका रिकाम्या खोलीत उभं केलं. चहूबाजूला अंगाची हालचाल टिपणारे कॅमेरे, समोर कुणी नाही. ढाक मारायची ती हवेला, पट काढायचा तोही हवेचा. पोरं म्हणाली, सुरुवातीचं ते माती घ्यायचंही दाखवा, छान दिसतं. गुंडाप्पा थबकला. मग त्याच्या मनानं वाट काढली, आणि ही चूक पैलवानच करू शकतो, दुसरा कुणी नाही. खाली गुळगुळीत फरशी आहे, माती नाही. मग ही सलामी कसली? त्यानं नसलेली माती उचलली, कपाळाला लावली, नसलेल्या माणसाच्या हाताला चोळली. एकच सावधगिरी त्यानं बाळगली. प्रत्येक डावाच्या शेवटी नसलेल्या माणसाला उठवलं, त्याची पाठ झाडली आणि वाकून तळवे फरशीवर पुसले. कृष्णराजला घाई होती, तरी गुंडाप्पानं एकदाही ते चुकवलं नाही.

पहिला भाग आला तेव्हा मल्लेशनं आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मोठा टीव्ही लावला आणि सगळं गाव बघायला लोटलं. त्यात गुंडाप्पा होता, चाळीस वर्षांपूर्वीचा, आणि चालायचा अगदी तसाच, डावा खांदा जरा पुढं काढून. नीलम्मानं पदर तोंडाला लावला. म्हणाली, एवढ्या बायाबापड्यांपुढं नुसत्या लंगोटावर उभं केलंय, लाज कशी न्हाय. कुस्ती संपली की पडद्यावरचा वस्ताद खाली पडलेल्याला उठवायचा, पाठ झाडायचा, माती परत द्यायचा, आणि तेवढं झाल्याशिवाय दुसरी कुस्ती सुरूच व्हायची नाही. पोरं तेवढ्यात चहा पिऊन यायची. गुंडाप्पाला तोच भाग आवडायचा. आपण गेल्यावर हा राहील, असं त्याला वाटायचं आणि बरं वाटायचं.

दुसऱ्या भागाला त्याला कुणी बोलावलंच नाही. कृष्णराजनं फोनवर सांगितलं की पहिल्या वेळचं सगळं भरून ठेवलेलं आहे, त्यातून यंत्र हवं ते जुळवून घेतं. खेळ आला, पोरांनी उड्या मारल्या. चार जण चार बाजूंनी भिडतात, एक पडला की दुसरा अंगावर, पडलेला पुन्हा आपला आपण उठतो, श्वास घ्यायला फुरसत नाही. गुंडाप्पा दाराशी उभा राहून बघत होता. सलामी होती. ती फार देखणी म्हणून दर वेळी दाखवत होते. माती परत द्यायचं मात्र काढून टाकलं होतं. एक कुस्ती, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि मिटलेली एकही नाही. त्यानं मल्लेशला विचारलं, ‘शेवट कुठं गेला रं?’ मल्लेश म्हणाला, अप्पा, त्यालाच सगळे कंटाळले होते, तो गेला म्हणून तर हा भाग चांगला झालाय.

पोरं जेवायला गेली. टीव्ही चालूच होता. खेळणारं कुणी नसलं की पडद्यावरचा वस्ताद हौद्यात एकटा उभा राहायचा, छाती वरखाली करत. गुंडाप्पा निघणार इतक्यात पडद्यातल्यानं मान वर केली, दोन्ही हात छातीपाशी आणले आणि अंगठे एकमेकांवर चोळले. सावकाश, ऊन करायला चोळावेत तसे. गुंडाप्पा जागीच उभा राहिला. पुण्यात त्यानं डाव दाखवले होते. अंगठे चोळायचं काम लिंबाखालचं, ते त्यानं त्या खोलीत केलेलं नव्हतं. तिथं कुणाचं हाड बसवायचंच नव्हतं. पडद्यातल्यानं अंगठे चोळून झाल्यावर दोन्ही हात पुढं केले, समोर कुणी पाटावर बसलंय अशा बेतानं, आणि ते हात ज्या उंचीला थांबले तिथं बसलेल्या माणसाची मान येते.

दोन दिवसांनी जेवताना गुंडाप्पाचा उजवा हात ताटावरून उठला आणि मांडीवर शड्डू ठोकून परत भाकरीवर आला. आवाज एवढा झाला की वाटीतली आमटी हिंदकळली. नीलम्मा म्हणाली, डास होता का? तो व्हय म्हणाला. मग गावात एक म्हातारा वारला, तिथं बसायला गेला असताना भर शांततेत पुन्हा शड्डू. लोकांनी माना वळवल्या, बाहेर येऊन हसले, वस्तादाला आता म्हातारचळ लागला म्हणाले. गुंडाप्पाही हसला. मनातून तो घाबरला होता, कारण शड्डू ठोकायचं त्याच्या डोक्यात येत नव्हतं. हात आधी उठायचा, मग त्याला कळायचं. जिभेवर कोरड्या मातीची चव यायची आणि तळव्यांना समोर नसलेल्या माणसाचे तळवे लागायचे.

त्यानं मल्लेशला टीव्ही बंद करायला लावला. हात थांबला नाही. एका दुपारी अख्ख्या गावाची लाइट गेली. दुकानं अंधारली, पंखे थांबले, लोक ओट्यावर येऊन बसले. गुंडाप्पा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून लिंबाखाली बसला होता, आणि त्या मांड्यांखालीही ते उसळत होते. तेव्हा त्याला उमगलं. खेळ जळकोटात थोडाच आहे? तो पुण्यात आहे, सोलापुरात आहे, ज्या गावांची त्यानं नावंही ऐकली नाहीत तिथं आहे. कुठं ना कुठं कुणीतरी बटण दाबतंय, आणि प्रत्येक दाबाला पडद्यातला गुंडाप्पा एक सलामी घेतोय. मिटवत कुणीच नाही.

बसप्पा हॉटेलवाला खांदा धरून आला तेव्हा गुंडाप्पानं त्याला पाटावर बसवलं. जुनी सवय, नाही कसं म्हणणार. अंगठे चोळले, ते हवे तेवढे ऊन झाले नाहीत. सासुरवाडीचं विचारलं. बसप्पा मेहुण्याला शिव्या घालायला लागला. आणि गुंडाप्पाला दिसलं की आपले हात खांद्यावर नाहीत. ते बसप्पाच्या मानेवर होते, एक हनुवटीखाली, एक मागं, आणि पक्के होते. मान बसवताना असे धरत नाहीत, मान मोडताना धरतात. पुढचा झटका आता येणार हे त्याला हातांच्या पिळावरून कळत होतं, आणि थांबवायचं कुठून ते कळत नव्हतं. तो ओरडला नाही. त्यानं स्वतःचं अख्खं अंग मागं टाकलं आणि लिंबाच्या बुंध्यावर आपटला. बसप्पा उठून खांदा फिरवत म्हणाला, ‘वस्ताद, ही नवी तऱ्हा दिसती. लई बरं वाटलं बगा.’ आणि भजी पाठवतो म्हणून निघून गेला. 

त्या दिवसापासून त्यानं हाडं बसवायचं सोडलं. अंगठा दुखतो म्हणाला. लोक लांबून येऊन परत जायला लागले. तेवढ्यावर भागलं असतं तर त्यानं सोसलं असतं. पण त्यानं गायत्रीलाही घेणं सोडलं. पोरगी त्याच्याकडं झेपावायची आणि तो उठून गोठ्यात जायचा. ती रडून रडून निळी व्हायची. सुनेला वाटलं सासऱ्याचं काही बिनसलं. नीलम्मानं आठवडाभर बघितलं आणि एका सकाळी म्हशीपाशी त्याला गाठलं.

‘पोरीला का घेईना झालात?’

गुंडाप्पानं वैरण सारखी केली. मग म्हणाला, ‘माजं हात माजं ऱ्हायलं न्हाईत.’

त्यानं तिला सगळं सांगितलं. नीलम्मा हसली नाही. भुताखेताचं नाव निघालं की अंगारा आणायला पळणाऱ्या बायांपैकी ती नव्हती. जन्मभर पैलवानाचे लंगोट धुतलेली बाई, तिला रीत माहीत होती. तिनं एवढंच विचारलं की उघड्या कुस्तीला उपाय काय. गुंडाप्पा म्हणाला, निकाल. कुणाची तरी पाठ लागली पाहिजे.

आधी त्यानं सरळ रस्ता धरून पाहिला. कृष्णराजला फोन लावला, विनवलं, की तेवढं माती परत द्यायचं दुसऱ्या भागात घाल बाबा. कृष्णराज आदरानं बोलला, पण नाहीच म्हणाला. लोकांना हा भाग पहिल्यापेक्षा आवडलाय तो थांबावं लागत नाही म्हणूनच, आता मध्ये थांबा आणला तर शिव्या पडतील. फोन ठेवता ठेवता तो सहज म्हणाला, ‘वस्ताद, ते अंगठे चोळायचं तुम्ही कधी करून दाखवलंत? इथं कुणालाच आठवत नाही ते कुठून आलं. चांगलं दिसतं म्हणून राहू दिलं.’ गुंडाप्पानं फोन नीलम्माकडं दिला आणि भिंतीला टेकून बसला.

मग निकितालाही बोलावलं. निकिता म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या शेतकऱ्याची लेक, तालमीतली एकुलती एक पोरगी आणि गुंडाप्पाची सगळ्यात तयार शागीर्द. मॅटवरच्या कुस्त्यांत तिचं नाव होतं. गेममध्येही तिचा हात कुणी धरत नसे. गुंडाप्पाच्या सांगण्यावरून तिनं दुकानातला टीव्ही पुन्हा चालू करून पडद्यावरच्या वस्तादाला पुन्हा पुन्हा आपटलं. पण दुसऱ्या भागात चितपट असं काही नव्हतंच. तो पडायचा, गुण कापले जायचे, आणि तो उठायचा. शेवटी तिनं हातातलं खाली ठेवलं. म्हणाली, वस्ताद, ह्यो हरतो, पर ह्याची कुस्ती सुटत न्हाय. पडद्यातला तिच्याकडं बघत अंगठे चोळत होता. ती उठून दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

उरला एकच मार्ग, आणि तो गुंडाप्पाला पहिल्या दिवसापासून माहीत होता. त्याला टाळायचा होता इतकंच. गावोगावी मिरवलेली कोरी पाठ, तीच द्यायची होती. माज म्हणा, काही म्हणा, माणसाकडं तेवढंच असतं. त्याहून वाईट म्हणजे द्यायची तर खऱ्या कुस्तीत द्यायची, आपण होऊन आडवं पडून चालत नाही, आणि खरी कुस्ती म्हणजे त्या हातांपुढं निकिताची मान. त्यानं तिला काही लपवलं नाही. दया दाखवू नको आणि मानेला हात लागू देऊ नको, एवढं दोनदा सांगितलं. तुझ्या बापाला विचारून ये म्हणाला. ती म्हणाली, बापाला विचारून आले असते तर पैलवान झालेच नसते.

सकाळी तालमीचं दार आतून लावलं. हौद्याच्या काठावर नीलम्मा बसली, गायत्रीला मांडीवर घेऊन. पोरीला घरी ठेव असं गुंडाप्पा म्हणाला होता, तिनं ऐकलं नाही. म्हणाली, कशासाठी चाललंय ते तुमच्या डोळ्यापुढं असू द्या. गुंडाप्पा मारुतीपुढं वाकला, माफी मागितली आणि हौद्यात उतरला. ओंजळीत माती घेतली. या वेळी ती खरी होती, ताक-तेल घालून मळलेली, गार. कपाळाला लावून त्यानं ती निकिताच्या तळव्यांना चोळली.

पुढचं गुंडाप्पा जणू काठावरून बघत होता. त्याचे गुडघे कुरकुरले नाहीत. त्याला धाप लागली नाही. अंग हलकं होतं आणि पळत होतं, एक डाव संपायच्या आत दुसरा, त्यावर तिसरा, आणि निकिता नुसती मागं सरत होती. असा गुंडाप्पा तिनं पडद्यावर पाहिला होता, हौद्यात कधीच नाही. त्याचा चेहरा कोरा होता. ती पाय काढायला वाकली की तो तिथं नसायचा. दोनदा त्याचे हात तिच्या मानेला घासून गेले. तिसऱ्यांदा ती कडेला अडकली, आणि त्यानं दोन्ही हात छातीपाशी आणून अंगठे चोळले. आतला गुंडाप्पा ओरडत होता, सरक पोरी, सरक. तोंडातून आवाज निघत नव्हता.

‘निकिता,’ काठावरून नीलम्मा म्हणाली, ‘माती परत दे.’

निकितानं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. मग ती चालू कुस्तीत, त्या हातांच्या पुढ्यात, मान उघडी टाकून वाकली आणि दोन्ही तळवे हौद्यावर पुसले. आयुष्यात एकदा तरी या मातीत उतरलेल्या कुणालाही याचा अर्थ कळला असता. गुंडाप्पाच्या अंगात शिरलेल्या त्याला कळला नाही. हे त्याच्यातून काढूनच टाकलं होतं. हात तिच्या मानेच्या वर हवेत थांबले, पुढं काय करायचं हे विसरल्यासारखे, आणि तेवढ्यात निकितानं पट काढला. दोन्ही पाय उचलले आणि खांद्याचा जोर देऊन मागं लोटलं. गुंडाप्पाची पाठ मातीला लागली. आधी एक खांदा, मग दुसरा, मग सगळी.

त्याला पत्र्याच्या छपरातली भोकं दिसली आणि त्यातून येणारं ऊन. गुडघे पुन्हा दुखायला लागले. त्याला रडू फुटलं, हरल्याचं होतं की सुटल्याचं होतं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. निकितानं हाताला धरून त्याला उठवलं.  तिनं त्याची पाठ झाडली, त्यावरची माती फार वेळ झाडली, आणि मग दोघांनी वाकून तळवे पुसले.

हात त्या दिवशी उठले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. मल्लेशच्या दुकानात मात्र आरडाओरडा झाला. पडद्यावरचा वस्ताद पडला की उठेना. बाकीचे तिघं त्याला ओलांडून लढत होते आणि हा उताणा, डोळे उघडे. पोरांनी यंत्र बंद करून चालू केलं, तरी तेच. चार दिवसांनी कृष्णराजचा फोन आला. आवाज उतरलेला होता. सगळीकडं तसंच झालंय, कुठं चुकलंय ते सापडत नाही, लोक हा भाग पहिल्यापेक्षाही वाईट म्हणायला लागलेत. वस्ताद, एक दिवस या आणि नुसतं पडल्यावर उठायचं तेवढं करून द्या, अशी त्याची विनंती होती.

गुंडाप्पा म्हणाला, ‘पडलेल्यानं आपलं आपण उठायचं नसतंय, बाळ. जिंकणाऱ्यानं उठवायचं असतंय. तुमच्याकडं हाय का कुणी तसं?’

कृष्णराज अडखळत म्हणाला, अजून एक आहे. तो नुसता पडून नाही. पडल्या पडल्या अंगठे चोळतोय. आम्ही ते काढलं, तरी चोळतोय.

गुंडाप्पानं हे ऐकून आपल्या अंगठ्यांकडं पाहिलं. त्या दुपारीच बसप्पा पुन्हा खांदा घेऊन आला. गुंडाप्पानं त्याला पाटावर बसवलं, आता भीती नव्हती. अंगठे चोळले. पुन्हा चोळले. कातडी लाल झाली तरी ऊन येईना. खांद्यावर ठेवले तर हाड कुठं आहे तेच बोटांना लागेना, कुणा परक्याच्या घरात अंधारात दिवा शोधावा तसं झालं. जे आयुष्यभर बोटांच्या टोकाशी होतं ते तिथं नव्हतं. ते पडद्यापलीकडं राहिलं होतं, उताणं. त्यानं बसप्पाला नळदुर्गच्या डॉक्टरकडं पाठवलं, आणि बसप्पा गावभर सांगत सुटला की वस्तादाला आता भाव खायची सवय लागली.

संध्याकाळी नीलम्मानं न विचारता गायत्रीला आणून त्याच्या तळव्यांवर ठेवलं. हात स्थिर होते. बोट हललं नाही. त्यासाठीच तर सगळं केलं होतं. पण पोरगी तळव्यांना टेकली आणि दचकून किंचाळली. नीलम्मानं चटकन उचललं, मग त्याचा हात हातात घेतला. तो बंद पडलेल्या टीव्हीच्या काचेसारखा गार होता, मनगटापर्यंत. मनगटाच्या वर गुंडाप्पा नेहमीसारखा उबदार होता.

त्यावर औषध नाही निघालं. तेलं झाली, शेक झाला, सोलापूरची तपासणी झाली, सगळं ठीक आहे म्हणाले. आता रोजची तऱ्हा ठरून गेली आहे. नीलम्मा चुलीत तुराट्या सारते, नवऱ्याला जाळापुढं बसवते, त्याचे हात आपल्या हातांत धरून उलटेसुलटे शेकते, चटका बसेल एवढे जवळ नेते, कारण त्याला स्वतःला कळत नाही. मग तळवा आपल्या गालाला लावून बघते आणि पुरेसा ऊन वाटला की पोरगी देते. ती ऊब टिकते तोवर गायत्री झोपते. हात निवायला लागले की गुंडाप्पा आपणच हाक मारतो, ‘नीलम्मा, घे हिला’, आणि ती उठून येते.